दोन होकार

चूक कोणाची, यावर त्या घरात आजही एकमत नाही. आत्याच्या मते चूक दाराची, कारण ते बाहेरच्या बाजूला उघडतं. दादाच्या मते चूक आत्याच्या भाचीची, कारण नाकाच्या वर जाईल एवढं खोकं हातात घेऊन दाराला लाथ मारायची ही कुठली पद्धत? आणि ती म्हणते, चूक सरळसरळ त्याची. एवढा रुंद रस्ता पडलाय, दाराला खेटून चालायचं कारण काय?

काही असो. दार उघडलं, ठप्प आवाज झाला, कोणाचा तरी चष्मा फरशीवर पडला आणि ती घाईघाईने "सॉरी, सॉरी" म्हणत एक पाऊल पुढे आली. नेमकी त्या चष्म्यावर.

कर्र.

"तो... माझा चष्मा होता का?" समोरच्या तरुणाने विचारलं. तो तिच्याकडे न बघता खोक्याकडे बघून बोलत होता.

"होता," ती म्हणाली. मुलगी प्रामाणिक. "म्हणजे एक काडी अजून शाबूत आहे."

"माझा नंबर वजा साडेसहा आहे. मला तुम्ही दिसतसुद्धा नाही आहात."

"बरंच आहे की."

"पण आवाजावरून चिडलेल्या दिसता."

"मी कशाला चिडू? चिडायचं तुम्ही."

"तेच म्हणतोय. जरा उलटं चाललंय."

आता आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तशातली गत झाली. कारण ते दार होतं चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्याचं. कारखाना आत्याचा, आणि ती आत्याची भाची. आईवडील दूर असल्यामुळे शिकायला म्हणून आत्याकडे आली ती तिथेच रमली. तिने खोकं खाली ठेवलं, आपलं कोपर पुढे केलं आणि म्हणाली, "धरा. चार पायऱ्या आहेत."

त्याने कोपर धरलं नाही. तिच्या बाहीची कड तेवढी दोन बोटांत धरली, आणि चारही पायऱ्या तो मोजत चढला. ती बाही पुढे दिवसभर तिला वेगळीच जाणवत राहिली, हे तिने कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं असेल, पण ते जाऊ द्या.

आत्या म्हणजे कमरेला एप्रन, गळ्यात दोरीला टांगलेला चष्मा, आणि कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज. तिने तुटक्या काचेचा तुकडा यंत्राखाली धरून नंबर मोजला, मग भाचीकडे पाहिलं.

"एवढ्या मोठ्या नंबराची काच घाईत करायची नसते," आत्या म्हणाली. "पण आमच्या पोरीने प्रतापच असा केलाय, तर तासाभरात देते. तोवर यांना तुझ्या खोलीत बसव. इकडे ओलं आहे सगळं, पडायचे बिचारे."

तिची खोली म्हणजे कारखान्याच्या मागची. लोखंडी मांडणीवर एकावर एक कॉम्प्युटरची सहा मशीनं, प्रत्येकावर हिरवे दिवे, आणि घरघर. तो खुर्चीवर बसला, डोळे मिटले आणि जरा वेळाने म्हणाला, "सहा आहेत ना? त्यातल्या एकाचा पंखा कुरकुरतोय. मधलं कुठलंतरी. महिन्याभरात बंद पडेल."

ती वळून बघतच राहिली. त्या खोक्यात काय होतं माहितीये? जुने पंखे. तिसऱ्या मशीनचा पंखा कुरकुरतो म्हणून कुठून कुठून जमा केलेले, आणि त्यातला एकही बसला नव्हता म्हणून ती ते परत करायला निघाली होती.

"तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"वेधशाळेत असतो. तिथली मशीनं सांभाळतो. पंख्यांचे आवाज ऐकण्यातच आयुष्य चाललंय. तुमच्याकडे यांच्यावर काय चालतं?"

"क्लाउड. आमचा स्वतःचा."

क्लाउड म्हटलं की लोक उगाच वर बघतात. क्लाउड असतो खालीच, कुठल्यातरी खोलीत, असाच घरघरत. सहा मशीनं अशी बांधायची की वापरणाऱ्याला एकच थोरलं मशीन वाटावं. ज्या कामाला जेवढी जागा हवी तेवढी काढून द्यायची, आणि एखादं मशीन आजारी पडलं तर त्याचं काम बाकीच्यांनी न कुरकुरता वाटून घ्यायचं, एकत्र कुटुंबात घेतात तसं. निदान घ्यावं अशी अपेक्षा असते तसं. तिच्या खोलीत हे सगळं जुळवणारा प्रोग्राम ओपन सोर्स होता, म्हणजे त्याचा कोड कोणीही उघडून वाचावा, बदलावा, आपल्या घरी चालवावा. तो लिहिणारी माणसं देशोदेशीची. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली. कोणी नोकरी सांभाळून, कोणी नातवंडं सांभाळून तो लिहितं, आणि त्यावर पुढे कोणाची बँक चालते, कोणाची वेधशाळा, कोणाचा चष्म्याच्या काचांचा कारखाना. तिला या गोष्टीचं पहिल्यापासून अप्रूप होतं. न भेटलेल्या माणसांनी आपल्या डोक्यावर छप्पर घालावं, आणि वर म्हणावं, कुठे गळलं तर शिडी तिथे ठेवली आहे.

"ऐंशी दुकानांमधून आम्हाला डोळ्यांचे नंबर येतात," ती सांगत होती. "ते घेऊन घासायच्या यंत्रांना सूचना जातात. हे सगळं यावर आणायला मला तीन वर्षं लागली. आणि आता दादा म्हणतो, म्हणजे माझा आतेभाऊ, की कशाला हा उपद्व्याप? मोठ्या कंपनीचा क्लाउड भाड्याने घेऊ आणि मोकळे होऊ."

"मग?"

"मग आत्याने निवाडा केला. पुढच्या महिन्यात एक आठवडा सगळं काम माझ्या मशीनांवर. त्या आठवड्यात दादाने कधीही, न सांगता, कुठल्याही एका मशीनची विजेची पिन काढायची. काम थांबलं तर एका तासात परत सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर ही सहाही मशीनं बाहेर, आणि इथे फ्रेमची खोकी ठेवायची."

"म्हणजे ही खोली पणाला लागलीय."

"खोली कसली... मीच लागलेय."

हे बोलताना तिचा आवाज थोडा हलला. त्याने डोळे उघडले, पण उपयोग काय, समोर निळसर धूसर काहीतरी होतं एवढंच.

"आणि त्यात तो पणोबा," ती पुन्हा तावात आली.

"कोण?"

"आहे एक महाभाग. हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या आमच्या प्रकल्पात नियम आहे, कोणीही दुरुस्ती पाठवावी, पण दोन जणांनी वाचून होकार दिल्याशिवाय ती आत जात नाही. पसंत नसेल तर वजा एक. माझ्या दुरुस्त्या नेमक्या याच्या हातात जातात. नाव लावत नाही, नुसता आकडा लावतो. सुरुवात ठरलेली: 'चांगलं आहे, पण'. दोन वर्षांत या माणसाने माझा पूर्णविराम सोडलेला नाही. एकदा तर अकरा वेळा वजा एक दिला. अकरा. मी पण चिवट, बारावी पाठवली."

"चिवट," तो हळूच म्हणाला.

"प्रकल्पात तेच नाव आहे माझं. आत्या म्हणते ना, 'चिवट आहेस बाई', म्हणून तेच लावलं. तुमचे कान का लाल झालेत?"

"गरम होतंय. मशीनांमुळे."

तेवढ्यात आत्या नवा चष्मा घेऊन आली. त्याने तो घातला, दोनदा डोळे मिचकावले आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याची नजर तिच्या मागच्या भिंतीवर गेली. भिंतीवर कागद डकवले होते, ओळीने, आणि प्रत्येकावर लाल पेनाने खुणा. 'चांगलं आहे, पण चूक झाली तर ती कोणाला कळणार?' 'चांगलं आहे, पण हे नाव वाचून उद्या येणाऱ्या माणसाला काय समजेल?'

"हे भिंतीवर का लावलंय?" त्याने विचारलं.

"राग यावा म्हणून." ती थांबली. खोटं तिला फार वेळ जमत नाही. "आणि... बरोबर असतं त्याचं. दर वेळी. म्हणून जास्त राग येतो."

"मीच," तो म्हणाला.

"काय मीच?"

"हे मी लिहिलंय. अकरा वेळाही मीच."

खोलीत सहा पंख्यांचा आवाज. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टेबलावरच्या तुटक्या फ्रेमकडे पाहिलं.

"आधी माहीत असतं," ती म्हणाली, "तर पाय जरा दाबून ठेवला असता."

पुढच्या गुरुवारी तो तिसऱ्या मशीनसाठी पंखा घेऊन आला. वेधशाळेतल्या मोडीत निघालेल्या मशीनचा होता, रीतसर लिहून मागून घेतलेला. पंखा बसला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो पंखा नीट चालतोय का हे बघायला आला. त्याच्याही पुढच्या गुरुवारी कसलंच कारण नव्हतं, तेव्हा त्याने आत्याकडून काच पुसायचं फडकं विकत घेतलं. अशी त्याच्याकडे पुढे पाच फडकी जमली.

वेधशाळा कारखान्यापासून पायी पंधरा मिनिटांवर होती. दोन वर्षं ही दोन माणसं पंधरा मिनिटांच्या अंतरावर बसून सगळ्या जगाला वळसा घालून भांडत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"तुम्ही माझ्या दुरुस्त्या मुद्दाम निवडायचात का?" तिने एकदा विचारलं.

"आधी नाही."

"आणि नंतर?"

"नंतर... दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून लवकर उठायचो."

"वजा एक द्यायला?"

"वाचायला. तुम्ही कोडमध्ये बाजूला टिपा लिहिता ना. एकदा लिहिलं होतं, 'इथून पुढे जपून, ही पायरी मोडकी आहे.' प्रोग्राममध्ये असं कोणी लिहीत नाही. मला वाटलं, लिहिणारं माणूस दुसऱ्याचा हात धरून चालणारं असावं."

"आणि निघालं चष्मा तुडवणारं."

"हात पण धरला. बाही, म्हणजे."

तिसऱ्या मशीनचा पंखा आता कुरकुरत नव्हता, त्यामुळे शांतता फारच ऐकू येत होती. मग 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे दोघांनाही सांगता येणार नाही.

फक्त एक झालं. पणोबाचा 'पण' नाहीसा झाला. तिची छोटीशी दुरुस्ती गेली, लगेच उत्तर: 'छान.' दुसरी गेली: 'फारच छान.' तिने ते 'फारच छान' तीनदा वाचलं आणि मनात काहीतरी फुललं, हे खरं. पण कुठेतरी चुकल्याचुकल्यासारखंही झालं. भिंतीवर लावायला नवा कागद नव्हता.

परीक्षेच्या आठवड्याआधी तिने मोठी दुरुस्ती पाठवली. एक मशीन बंद पडलं की त्याचं काम उचलून दुसऱ्यावर नेणारी. सगळा डाव हिच्यावर. चारशे ओळी. सकाळी पाठवली आणि चहाचा कप रिकामा व्हायच्या आत उत्तर आलं: 'सुरेख. माझा होकार.' दुसरा होकार प्रकल्पातल्या एक बाई द्यायच्या. निवृत्त शिक्षिका, कुठल्या देशात असतात ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी लिहिलं, 'याने होकार दिलाय म्हणजे मी काय वेगळं बघणार?' दोन होकार झाले. दुरुस्ती आत गेली, आणि तिने ती सहाही मशीनांवर चढवली.

परीक्षेचे सोमवार-मंगळवार सुतासारखे सरळ गेले. बुधवारी सकाळी साडेदहाला दादा खोलीत आला. दादा वाईट माणूस नाही, त्याला फक्त कारखाना बंद पडायची भीती वाटते. त्याने मांडणीकडे पाहिलं आणि नेमकी तिसऱ्या मशीनची पिन काढली.

"घड्याळ लावलंय," दादा म्हणाला. "साडेअकरापर्यंत."

"लाव की. दहा सेकंदांत उचलेल."

उचललं. तिसऱ्याचं काम चौथ्याने घेतलं. चौथं आधीच भरलेलं, त्याचा श्वास कोंडला, त्याने ते पाचव्याकडे ढकललं. पाचव्याने सहाव्याकडे, सहाव्याने पहिल्याकडे. पहिल्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने पुन्हा चौथ्याकडे. काम नुसतं फिरत राहिलं. सगळ्यांनी हातात घेतलं आणि कोणीच केलं नाही. बाहेर घासायची यंत्रं एकेक करून थांबली. कारखाना असा गप्प झालेला तिने कधी ऐकला नव्हता.

तिने वेधशाळेत फोन केला. "काम गोल फिरतंय. तू वाचलं होतंस ना? मग माझं कुठे चुकलंय?"

"येतो," एवढंच तो म्हणाला.

तो यायच्या आधीच तिला सापडलं. कोड समोरच होता ना, उघडा, तिचाच. ओळ एकशे बारा. काम दुसऱ्या मशीनकडे देताना त्याच्याकडे जागा शिल्लक आहे का, हे तिने विचारलंच नव्हतं. इतकी बाळबोध चूक. पणोबाने झोपेतसुद्धा पकडली असती अशी.

तो धापा टाकत दारात उभा राहिला, चष्मा वाफेने पांढरा झालेला.

"ओळ एकशे बारा," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "ही वाचली होतीस?"

"नाही."

"एकशे अकरा?"

"त्या दिवशी मी काहीच वाचलं नाही," तो म्हणाला. "उघडलं, वर तुझं नाव दिसलं... आणि मला तुला नाही म्हणवेना. होकार देऊन टाकला."

तिची बोटं थांबली. दादा दारापाशी घड्याळ घेऊन उभा होता, त्यानेही मान दुसरीकडे वळवली.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "जगात एक माणूस होता जो माझं अक्षरन् अक्षर वाचायचा. आत्याला कळत नाही मी काय करते. दादाला नको आहे. पण तो वाचायचा. मी त्याला शिव्या घालायचे आणि त्याच्यासाठी लिहायचे. आणि मी आवडायला लागल्यावर तू वाचायचंच सोडलंस."

अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. तिने नाक ओढलं, जागा मोजणाऱ्या चार ओळी लिहिल्या आणि चालवायला हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला. वाफ पुसून तो पडद्याजवळ आला होता आणि एकेक ओळ ओठ हलवत वाचत होता. "चांगलं आहे, पण... दोन कामं एकाच वेळी त्याच मशीनकडे आली तर? दोघांनाही जागा दिसेल. दोघंही आत शिरतील."

तिने पुन्हा पाहिलं. खरं होतं. अजून तीन ओळी. तो परत वाचत बसला, शांतपणे, वरपासून खालपर्यंत. घड्याळ पुढे सरकत होतं आणि त्याने एकही ओळ गाळली नाही.

"आता?" ती म्हणाली.

"आता चालव."

अकरा वाजून तेवीस मिनिटांनी बाहेर पहिलं यंत्र घरघरलं. मग दुसरं. मग सगळी. ओल्या काचांचा तो नेहमीचा वास पुन्हा दरवळला, आणि आत्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

दादाने घड्याळ खिशात ठेवलं. "सात मिनिटं राहिली होती," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "भाड्याच्या क्लाउडला असं झालं असतं तर मी काय केलं असतं? फोन लावून धून ऐकत बसलो असतो. इथे तुम्ही झाकण उघडून आतच शिरलात." आणि त्याने स्वतःच्या हाताने तिसऱ्या मशीनची पिन परत लावली. कबूल करायची त्याची ही पद्धत.

ती मात्र पणोबाकडे वळली. डोळे लाल, आवाज अगदी साधा. "तू आलास, बरं झालं. आता जा. आणि गुरुवारी येऊ नकोस."

तो गेला. गुरुवारी आला नाही. शनिवारी आठवडा संपला, आत्याने जाहीर केलं की खोली भाचीची, फ्रेमची खोकी दादाने स्वतःच्या केबिनमध्ये ठेवावीत. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. ती हसली, आणि खोलीत येऊन भिंतीवरचे कागद वाचत बसली.

पण दुरुस्तीची दुरुस्ती प्रकल्पाला पाठवायला हवीच होती. बाकीच्यांची मशीनंही त्याच खड्ड्यात पडली असती. तिने सोमवारी ती पाठवली. दुपारपर्यंत उत्तर नाही. मंगळवारी नाही. बुधवारी सकाळी आलं.

वजा एक. खाली चौदा टिपा.

'चांगलं आहे, पण' पासून सुरुवात. तिसऱ्या टिपेत त्याने स्वल्पविराम काढला होता. सातव्यात एक चूक अशी काढली होती की तिने कपाळाला हात लावला. शेवटच्या दोन टिपांचा कोडशी संबंध नव्हता. 'तेरा: आधीच्या दुरुस्तीला मी न वाचता होकार दिला होता. तो दोष लिहिणारीचा नाही, माझा आहे, आणि इथे सगळ्यांना दिसेल असा नोंदवून ठेवतो. चौदा: यापुढे कितीही अवघड गेलं तरी वाचल्याशिवाय होकार देणार नाही.'

खाली शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं, 'माझाही दोष. मीही वाचलं नव्हतं.'

तिने कागद छापून घेतला, भिंतीवर लावला, लाल पेन उचललं... आणि एकही खूण न करता ठेवून दिलं. डोळे पुसले. मग चौदांपैकी बारा टिपांप्रमाणे बदल केले, सगळं परत पाठवलं आणि खाली लिहिलं, 'गुरुवारी खोली उघडी असते.'

गुरुवारी तो आला. या वेळी फडकं घेतलं नाही. तिच्यासमोर एक कागद ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला, तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा.

कागदावर लिहिलं होतं:

दुरुस्तीचं नाव: दोन मशीनं एकत्र बांधणे.
कारण: दोन्ही एकेकटी ठीक चालतात. त्यातल्या एकाला यापुढे तसं चालायचं नाही.
तपासणी: एक संपूर्ण दिवस कसलंही निमित्त न काढता सोबत काढून पाहावा.
हमी: मी नेहमी वाचेन.
धोका: हा बदल नंतर मागे घेता येत नाही.

तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला. गालावरचं हसू दाबायला तिला लाल पेनाचं टोपण चावावं लागलं.

"'नेहमी' म्हणजे किती?" ती म्हणाली. "मोघम आहे. वजा एक."

त्याचा चेहरा असा उजळला की वजा एकवर कोणाचा उजळू नये. तो तिथेच स्टुलावर बसला, खोडलं, लिहिलं, पुढे केला.

"'रोज, चिडलेली असतानासुद्धा.' हं. बरं. पण धोका एकच लिहिलायस. आत्याचं काय? दादाचं? माझा आवाज सकाळी कसा असतो ते?" वजा एक.

तिसऱ्या खेपेला कागद जवळजवळ लालच झाला होता. ती सगळ्यात खालची ओळ वाचत होती, आणि वाचता वाचता तिने पेन खाली ठेवलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. "पण?"

"पण नाही. माझा होकार."

त्याने तिचा हात धरला. या वेळी बाही नाही. सहाही मशीनं आपापलं काम करत होती, त्यांना कोणाकडे ढकलायचं काही नव्हतं.

"एकच होकार झालाय," दारातून आवाज आला. आत्या. कधीपासून उभी होती, देव जाणे. "तुमच्यात दोन लागतात ना? आण इकडे."

आत्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची ओढून बसली. सावकाश वाचलं. मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"माझं एकच आहे," ती त्याला म्हणाली. "तुझा चष्मा. पहिल्या दिवशी मी घाई केली. डाव्या काचेचा ॲक्सिस, म्हणजे काच बसवायचा कोन, दोन अंशांनी चुकला. संध्याकाळी नोंद बघताना लक्षात आलं. म्हटलं डोकं दुखेल, येईल तक्रार घेऊन, तेव्हा बदलून देऊ. तू इतके गुरुवार आलास आणि एकदाही बोलला नाहीस. ज्याला स्वल्पविराम खुपतो त्याला दोन अंश कळू नयेत?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "ती तक्रार मी राखून ठेवली होती. पंखा झाला, फडकी झाली... यायला दुसरं कुठलंच कारण उरलं नाही तर वापरायची म्हणून."

"आणि डोकं?" तिने विचारलं.

"दुखायचं. गुरुवारी कमी."

आत्याने कागदावर तिच्या होकाराखाली आपला होकार लिहिला, तारीख घातली, आणि हात पुढे केला. "काढ तो चष्मा. या वेळी दोन तास घेणार आहे."

आत्या चष्मा घेऊन गेली. तो डोळे मिचकावत बसला, खोलीत अजून पडून असलेल्या त्या पंख्यांच्या खोक्याकडे तोंड करून. तिने त्याची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"इकडे आहे मी. दिसतेय का?"

"अजिबात नाही."

"आणि आवाजावरून कशी दिसते?"

त्याने डोळे मिटले, पंखा ऐकायचा तसा तिचा आवाज नीट ऐकला आणि मगच उत्तर दिलं.

"खूश," तो म्हणाला. "नीट ऐकून सांगतोय."